शंभर दिनारांचे देणे

त्या रविवारी पाळकसाहेबांनी येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे वाटणी उडवून कंगाल होऊन घरी परतलेल्या धाकट्या मुलाच्या गोष्टीवर, उपदेश केला. तो चांगला झाला होता. दूरवरून येणारा मुलगा दिसताच बाप धावत सुटतो, त्या ठिकाणी त्यांचा आवाज भरून आला आणि पुढच्या बाकांवरच्या काही जणींनी पदराने डोळे टिपले. उपासनेनंतर बाहेर पाऊस लागला होता. पायरीवर ओल्या छत्र्यांची दाटी झाली होती, आत कोणीतरी पेटीवर कापड घालत होते आणि मी सवयीने शेजारच्या मावशींना म्हणाले, “आजचं वचन मनाला फार लागलं.” मावशींनी चष्म्यावरचे थेंब पुसले आणि जराही आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “बापानं धावायला नको होतं गं. निदान थोरल्याला शेतावरून बोलावून घ्यायचं, मग धावायचं.” एवढे बोलून त्या छत्री उघडून निघूनही गेल्या. त्यांचे यजमान ऐन संसारात घर सोडून गेले होते. कित्येक वर्षांनी आजार घेऊन ते परतले, चर्चच्या मंडळीने त्यांना मायेने पुन्हा आपले म्हटले, आणि आता प्रभुभोजनाच्या दिवशी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतला जातो तेव्हा, ते मावशींच्याच बाकावर बसतात. त्यांचे पथ्यपाणी मावशीच पाहतात. त्यांच्याविषयी याहून अधिक सांगणे मला योग्य वाटत नाही.

मावशींचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. देवाच्या निरपेक्ष प्रेमाविषयी मी लहानपणापासून ऐकत आले आहे, शब्बाथ शाळेत त्यावर गाणी म्हटली आहेत, संकटात त्याच प्रेमाला घट्ट धरून राहिले आहे. पण ते प्रेम आपल्याला दुखावणाऱ्या माणसावरही तितकेच असते, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याला न विचारता त्याला दिले जाते, या बाजूने मी या विषयाकडे कधी नीट पाहिले नव्हते. घरी आल्यावर मी हा दाखला ज्यात आहे तो बायबलमधला लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा काढला.

तो अध्याय कुरकुरीपासूनच सुरू होतो. रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारे म्हणून लोकांच्या मनातून उतरलेले जकातदार आणि पापी लोक येशूचे ऐकायला जवळ येतात आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्मनियम कसोशीने पाळणारे आणि शिकवणारे यहुदी, कुरकुर करतात, की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला बसतो. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू तीन दाखले सांगतो. शंभरातले एक मेंढरू हरवते, दहातले एक नाणे हरवते, आणि मग दोघांतला एक मुलगा हरवतो. मेंढराच्या मागे मेंढपाळ रानोमाळ जातो, नाण्यासाठी बाई दिवा लावून घर झाडते, पण मुलाच्या शोधात कोणीच जात नाही. जायचेच असते तर कोणी जायचे होते? थोरल्या भावाने. कुरकुरणाऱ्यांच्या कानांवर ही उणीव पडावी म्हणूनच येशूने ती ठेवली असावी, असे मला वाटते.

धाकट्याने केलेली आगळीकही लहान नाही. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहण्याचा कंटाळा आला असे तोंडावर सांगणे आहे. पुढे पैसा उडतो, दुष्काळ पडतो, यहुदी मुलाला डुकरे राखायची वेळ येते आणि डुकरे खात त्या शेंगांनी पोट भरावे असे त्याला वाटू लागते. तिथे तो बापासमोर बोलायची वाक्ये मनाशी जुळवतो. मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केले आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक उरलो नाही. मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. रस्ताभर त्याने हेच घोकले असणार. पण बाप धावत येतो. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पाटलाने भर दुपारी धोतराचा सोगा हातात धरून गावच्या वेशीपर्यंत पळत जावे आणि सारे गाव दारांत उभे राहून पाहत असावे, तसे ते धावणे आहे. गळामिठी आणि मुके आधी होतात आणि वाक्ये नंतर येतात. त्यांतलीही दोनच बोलून होतात. तिसरे, मोलकऱ्याचे, बाप उच्चारूच देत नाही. तो चाकरांकडे वळतो आणि झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पोसलेले वासरू कापा, असे सांगू लागतो. त्या तिसऱ्या वाक्यात मुलाने आपल्या परतण्याची किंमत ठरवली होती, राबून फेड करण्याची तयारी दाखवली होती. बाप नेमकी ती बोली स्वीकारत नाही. थोरला मुलगा मात्र शेतावरून येतो, आतली वाजंत्री ऐकून रागावतो आणि घरात पाऊल टाकत नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे प्रेम नवखे वाटत नाही, कारण ‘लाभाविण प्रीती’ हे तुकोबांचे शब्द त्याच्याही कानांवर लहानपणीच पडलेले असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या पदांत ख्रिस्त माउली होऊन येतो तेव्हा ती उपमा उसनी वाटत नाही, वारीच्या वाटेवरून चालत आल्यासारखी येते. माझी आजी प्रार्थनेत देवाला ‘बापा’ म्हणायची आणि प्रार्थना रंगली की नकळत ‘माय’वर यायची. तिच्या लुगड्याला चुलीचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास असे; त्या वासात तोंड खुपसून मी देवाच्या प्रेमाची पहिली कल्पना केली आणि ती अजून पुसलेली नाही. पण आईची माया सांगताना एक गोष्ट आपण सहज सोडून देतो. एका आईला अनेक लेकरे असतात, आणि त्यांतले एक दुसऱ्याला मारते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या प्रेमाचा प्रश्न दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तो मला मावशींच्या प्रश्नाजवळचा वाटतो. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्या मागे मोठे दुःखाचे ओझे होते: दुष्काळात भुकेने गेलेले आईवडील, नंतर गेलेला भाऊ, लग्नानंतर दोन वर्षे व्हायच्या आत गेलेले यजमान, आणि पदरी लहानगी मनोरमा. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील आश्रमात पाहायला नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळले जात होते. अशा स्त्रियांविषयी कोणी दयेने वागते हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. हे लोक असे का वागतात, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली. विहिरीवर भरदुपारी एकटी आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याला तिचे सगळे आयुष्य ठाऊक होते, तरी आधी त्याने तिच्याकडे पाणीच मागितले. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

दुसरा प्रसंग त्यानंतर आठ वर्षांनी येतो. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले आहे, की इतका काळ आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्मा घेतला होता, अभ्यास चालू होता, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते, विधवा मुली शिकत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला याहून अधिक काय हवे होते? पण देवाचे तारण काही करून मिळवायचे नसते, ते दिलेलेच असते, हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगले. ज्या बाईने शास्त्रे पाठ केली, कामाचे डोंगर उपसले, तिलाही आधी आपल्या सेवेचा हिशेब बाजूला ठेवावा लागला. केडगावच्या मुक्ती सदनात नंतर त्यांनी, फुलहॅमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी, कृपासदन उघडले. हे सगळे वाचताना मला त्या शेतावरच्या थोरल्या मुलाची आठवण होते. ‘इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे’, हे त्याचे पहिले वाक्य. घरात राहूनही तो मोलकऱ्याच्या भाषेत बोलतो, आणि धाकटा तीच भाषा वाटेवर पाठ करत आला होता. दोघेही भाऊ बापाला मालक समजत होते.

पण मावशी चाकरीचा हिशेब मागत नव्हत्या. त्या मोडलेल्या आयुष्याचा हिशेब मागत होत्या, आणि ही वेगळी गोष्ट आहे.

या ठिकाणी मला उदयनगर आठवते. मध्य प्रदेशातल्या इंदूरजवळच्या या भागात सिस्टर राणी मारिया गरीब शेतकरी आणि आदिवासी कुटुंबांत काम करत होत्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या धर्मभगिनीने लोकांना बँकेचे कर्ज, सरकारी योजना, त्यांचे हक्क यांची ओळख करून दिली, आणि त्यामुळे सावकारांची पकड सैल होऊ लागली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या बसने निघाल्या असताना समुंदर सिंग नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या देखत सुऱ्याने त्यांच्यावर वार केले. शरीरावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, स्वतः धर्मभगिनी असलेली सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्यांची आई एलिस्वा हिनेही त्याला भेटून त्याच्या हातांचे मुके घेतले, कारण त्या हातांना तिच्या लेकीचे रक्त लागले होते. कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेने राणी मारियांना धन्य घोषित केले; संतपदाच्या आधीची ही पायरी आहे.

मी या प्रसंगाकडे अनेकदा भारावून पाहिले आहे. पण मावशींच्या त्या वाक्यानंतर त्यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. त्या सात वर्षांत केरळातल्या त्या घरात काय घडले असेल? आई कोणत्या रात्री देवाशी भांडली असेल, जेवताना एक ताट कमी मांडताना हात कसा थबकला असेल, बहिणीला प्रार्थना म्हणताना कोणत्या ओळीवर घसा दाटला असेल? आपण भाषणांत आणि उपदेशांत ही सात वर्षे एका स्वल्पविरामात ओलांडतो. आणि मग एखाद्या दुखावलेल्या बाईला सांगतो, की बघा, त्या आईने खुन्याचेसुद्धा हात चुंबले, तुम्हाला एवढे काय जड आहे?

हे सांगणे चुकीचे आहे, असे मी आता ठामपणे म्हणते. ते चुकीचे का आहे, हे मला मत्तयाच्या अठराव्या अध्यायातून समजले. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि मग दोन देण्यांची गोष्ट सांगतो. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांत येणे असते. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तेव्हा हे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. कोणताही चाकर ते फेडू शकत नाही. तो पाया पडतो, पण माफी मागत नाही, मुदत मागतो: जरा धीर धरा, मी सगळे फेडीन. राजा मुदत देत नाही, देणेच सोडून देतो. बाहेर पडताच या माणसाला त्याचे शंभर दिनार देणे असलेला दुसरा चाकर भेटतो. हा त्याची नरडी धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

लहानपणापासून मी त्या शंभर दिनारांना क्षुल्लक समजत आले होते. उपदेशांतही ते तसेच सांगितले जाते: इकडे डोंगर, तिकडे राईचा दाणा. पण शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी आहे. ज्याचे घर रोजंदारीवर चालते त्याला विचारावे, की शंभर दिवसांचे काम पाण्यात जाणे म्हणजे काय. तीन महिन्यांहून अधिक काळ घरात काय शिजले असते, मुलाची फी कशी भरली असती, कोणते दागिने गहाण राहिले नसते. येशू त्या दुसऱ्या देण्याला चार-दोन नाण्यांचे करू शकला असता. त्याने तसे केले नाही. माणसांनी आपल्याला घातलेले घाव खरे असतात, त्यांना वजन असते, हे तो त्या आकड्यातच मान्य करतो. देवाच्या क्षमेपुढे आपले दुःख लहान ठरत असेल, पण ते खोटे ठरत नाही. ज्या उपदेशात शंभर दिनारांची किंमत शून्य होते, तो उपदेश दुखावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुबाडतो.

त्या दाखल्याचा शेवट मला अजूनही जड जातो. राजा रागावतो आणि चाकराला पुन्हा देण्याखाली आणतो. मग देवाचे प्रेम निरपेक्ष कसे, त्याला अट आहे की काय? मी त्याचे उत्तर असे वाचते, की क्षमा आधी आली होती, अट न घालता आली होती, आणि चाकराने ती घेतलीच नाही. तो मुदत मागायला गेला होता आणि मनाने मुदत घेऊनच बाहेर पडला. आपल्याला अजून सगळे फेडायचे आहे असे समजणाराच रस्त्यात भेटेल त्याची नरडी धरतो. प्रभूच्या प्रार्थनेतली ती ओळही, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’, मी याच अर्थाने म्हणते. आणि ती ओळ आपण एकट्याने म्हणत नाही, याचाही मला आधार वाटतो. एखाद्या बाकावर कोणाच्या ओठांतून ते शब्द निघत नसतील, तर आजूबाजूची मंडळी त्या दिवशी तिच्यासाठीही ते म्हणत असते. तिने मागे राहायला हरकत नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडूनही मी एक भेद शिकले. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे मिशनरी पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमथी ही दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. आपल्याकडून क्षमा केली आहे असे ग्लॅडिसबाईंनी सांगितले आणि त्या बारीपद्यातल्या कुष्ठरोग्यांच्या कामासाठी पुढे काही वर्षे तिथेच राहिल्या. पण क्षमा केली म्हणून खटला चालू नये असे त्यांनी म्हटले नाही. गुन्ह्याचे परिणाम ही वेगळी गोष्ट आहे आणि कायद्याने आपले काम करावे, असेच त्यांचे म्हणणे होते. आमच्या मंडळ्यांत हा भेद पुसट होतो. नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या मुलीला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगितले जाते तेव्हा देवाच्या प्रेमाच्या नावाने मारणाऱ्याची सोय पाहिली जाते. बापाने धाकट्याला मिठी मारली. थोरल्याचा वाटा काढून धाकट्याला दिला नाही. ‘जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे’, असे तो थोरल्याला स्पष्ट सांगतो, आणि वाटणी होऊन गेल्यावर ते शब्दशः खरेही होते.

हे त्याने कुठे उभे राहून सांगितले? अंगणात. आत वाजंत्री चालू होती, पाहुणे ताटावर होते, आणि यजमान पंगत सोडून बाहेर आला होता. एका मुलासाठी वेशीपर्यंत धावलेला बाप दुसऱ्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची तक्रार पुरती ऐकून घेतो. करडू कधी दिले नाही, हा तुमचा मुलगा असा आहे आणि तसा आहे, हे सगळे. त्याने थोरल्याला चाकरांकरवी आत ओढून आणवले नाही, पाहुण्यांपुढे लाजवले नाही. लूक सांगतो की तो त्याची समजूत घालू लागला. मावशींना मी काही सांगायला गेले, तर मला बापाचे धावणे सांगायचे नाही, ते त्यांना पाठ आहे. हे अंगणातले उभे राहणे सांगायचे आहे. आणि कदाचित सांगण्याऐवजी त्यांच्याजवळ बसून, त्या कधीच न बोललेली तक्रार ऐकून घ्यायची आहे.

आणि घरी परतलेल्या माणसाचे काय? त्याच्यासाठी मी लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या जक्कयाकडे जाते. यरीहोचा हा मुख्य जकातदार, बुटका, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणतो, तेव्हा जक्कयाने अजून काहीही कबूल केलेले नसते. लोक इथेही कुरकुरतात, आणि त्या गर्दीत त्याने नाडलेले लोक नसतील असे कसे म्हणावे? येशूने जवळ केल्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो, की माझे अर्धे धन मी गरिबांना देतो, आणि अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो. कोणीही त्याच्याकडे ते मागितले नव्हते. प्रेम आधी मिळाले, आणि मिळाल्यामुळेच त्याला आपल्या हातून लुबाडल्या गेलेल्यांचे चेहरे दिसू लागले. परतलेल्या माणसाला प्रभुभोजनाला बसवताना आमच्या मंडळीने त्याला हेही हळूच विचारायला हवे होते, की घरी कोणाचे काय देणे आहे, आणि ते कधीपासून द्यायला लागणार आहात. आजारी माणूस पैसे देऊ शकणार नाही. पण झालेली गोष्ट तोंडाने कबूल करणे, तिचे नाव घेणे, बायकोची माफी चार लोकांत मागणे, हे अंथरुणावरूनही देता येते. यरीहोतल्या कुरकुरणाऱ्यांपैकी ज्यांना त्या आठवड्यात आपले पैसे चौपट होऊन मिळाले असतील, त्यांनी येशू त्या घरी का उतरला होता हे दुसऱ्यांदा विचारले नसावे.